उतरंडीतून पुसलेला गट

१

जुळारी गेला तेव्हा त्याच्या उशाशी असलेलं श्वासाचं मशीन चालूच होतं. हिरवा दिवा जळत होता, काटा हलत होता, काचेच्या नळीतला भाता नेमाने वरखाली होत होता. बायको औषधं घेऊन घरी परतली, पिशवी टेबलावर ठेवली, सवयीने मशीनकडे एक नजर टाकली आणि सगळं ठीक आहे असं समजून हातपाय धुवायला गेली. बाहेर येऊन तिने नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, तेव्हा तिला कळलं.

जन्मभर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवलेला माणूस. आजाराने त्याचा एकेक स्नायू निकामी होत गेला आणि शेवटी श्वाससुद्धा उसना घ्यायची वेळ आली. मशीन इस्पितळाने घरी वापरायला दिलेलं होतं. त्यामुळे चौकशीही इस्पितळाचीच, आणि ती टोचणीकडे आली.

टोचणी हे काही तिचं नाव नव्हे. पूर्वी ती शस्त्रक्रियागृहात परिचारिका होती, नंतर चौकशी विभागात आली. एकदा उत्तर मिळालं तरी तोच प्रश्न दुसऱ्या अंगाने विचारायची तिला खोड होती. डॉक्टर मंडळी तोंडावर तिला बाई म्हणत आणि पाठ फिरली की टोचणी. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि दुसरं नाव जास्त आवडत होतं.

मशीन उघडल्यावर कारण लगेच सापडलं. हवेच्या झडपेत करड्या रबराचा एक वॉशर होता. तो कडक झाला होता. घरची वीज असताना हवेचा जोर पुरेसा असे, वॉशर उचलला जाई. दुपारी वीज गेली, मशीन बॅटरीवर गेलं, जोर जरासा कमी पडला आणि वॉशर जागच्या जागी चिकटून बसला. भाता हलत राहिला, हवा छातीपर्यंत पोचलीच नाही. या जुन्या मॉडेलचा धोक्याचा भोंगा बॅटरीवर वाजत नसे.

घरोघरी जाऊन असे रुग्ण तपासणारी एक परिचारिका होती. टोचणीने वॉशर तिच्यासमोर ठेवला. तिने तो हातातही घेतला नाही.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोन घरांत मला हाच वॉशर चिकटलेला दिसला. नशिबाने मी तिथेच होते. त्याच संध्याकाळी मी लिहिलं, की मशीन बॅटरीवर चालवू नका, वीज गेली तर हाताने दाबून हवा द्यायची रबरी पिशवी वापरा."

"कुठे लिहिलंत?"

"संगणकावरच्या गटावर. मशीनवाली सगळी घरं तिथेच बोलतात. ज्यांनी वाचलं ते वाचले, बाई." आपण काय बोललो ते तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि तिने मान खाली घातली. "पण त्यांच्या घरच्या वहिनी तर रोज सकाळी गट उघडतात. एक दिवस चुकवत नाहीत. त्यांनी कसं वाचलं नाही?"

टोचणी त्याच दुपारी जुळाऱ्याच्या घरी गेली आणि हाच प्रश्न तिने त्याच्या बायकोला विचारला.

"संध्याकाळी माझा भाऊ आला होता, म्हणून राहिलं," वहिनी म्हणाली. "सकाळी उघडायला बसले, तर गटच नव्हता."

२

घर दोन खोल्यांचं होतं. पलंग अजून खिडकीशीच होता, त्यावरची गादी मात्र गुंडाळून ठेवली होती. कोपऱ्यात जुना संगणक. दाराशी एक दणकट, चाळिशी उलटलेला माणूस भेटायला येणाऱ्यांच्या चपला बाजूला सारत होता. सगळे त्याला दादा म्हणत. इस्पितळाची ही सगळी मशीनं दुरुस्त करणारा तोच. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, तरी याने एकही मशीन बंद पडू दिलं नव्हतं.

"दादा नसता तर हे चार वर्षांपूर्वीच गेले असते," वहिनी म्हणाली.

दादा चपला सारत राहिला. टोचणीने त्याला वॉशरबद्दल विचारलं. कंपनी बंद पडली तेव्हा उचललेल्या साठ्यातला होता, तो म्हणाला. रबर जुनं झालं असणार.

"सिस्टरनी लिहिलेलं तुम्ही वाचलं होतं?"

"हो, त्याच संध्याकाळी. काळजात धस्स झालं. दुसऱ्या दिवसापासून घरं घेतली एकेक, आता सगळी झालीच म्हणा. इथे यायच्या आधीच..." त्याने पलंगाकडे पाहिलं.

"आणि गट कुणी पुसला?"

"हे गट सांभाळणाऱ्या समितीच्या शिक्क्याचा हुकूम होता म्हणतात. मीही आहे त्या समितीत, वापरणाऱ्यांच्या वतीने. पण मला विचाराल तर त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं."

ते टोचणीच्याही डोक्यावरून जात होतं. म्हणून ती विद्यापीठाच्या तळघरात सर्व्हरवाल्याकडे गेली. हा थंड खोलीत स्वेटर घालून बसलेला, बारीक मिश्यांचा, बोलका माणूस होता. आठवडाभर पंख्यांचा आवाज ऐकल्यावर कुणी माणूस भेटला की त्याला बरं वाटायचं.

"मडक्यांची उतरंड बघितलीय ना बाई? तशीच ही," तो म्हणाला. "तळाला मोठं मडकं, आरोग्य. त्यावर आरोग्य.श्वास. त्यावर चिमुकलं आरोग्य.श्वास.घरी. प्रत्येक मडकं म्हणजे एक गट. लोक तिथे लिहितात, आणि लिहिलेलं गावोगावच्या सर्व्हरवर जातं. आता कुठलं मडकं ठेवायचं आणि कुठलं फोडायचं, हे प्रत्येक सर्व्हरवाला आपल्या मनाने ठरवायला लागला तर खापरंच उरतील. म्हणून समिती हुकूम सोडते. हुकमावर समितीचा शिक्का असला की सर्व्हर तो मुकाट पाळतो. मला विचारतसुद्धा नाही."

"शिक्का म्हणजे?"

"गणिती शिक्का. हुकमाच्या मजकुरातलं एक अक्षर हललं तरी तो खोटा ठरतो. उमटवायची किल्ली एकाच फ्लॉपीवर आहे, आणि ती फ्लॉपी समितीतल्या ग्रंथपाल बाईंच्या कपाटात."

"त्या सकाळी आलेल्या हुकमावरचा शिक्का?"

सर्व्हरवाल्याने स्वेटरची बाही ओढली. "शंभर टक्के खरा. मी तीनदा तपासला. बाईंना निलंबित केलंय कालच."

३

ग्रंथपाल बाई आपल्याच ग्रंथालयात वाचकांच्या बाकावर बसली होती. निलंबित माणसाला कामाच्या टेबलाशी बसायला मनाई होती, वाचायला नव्हती. तिच्यासमोरचं पुस्तक उलटं होतं.

"फ्लॉपी कपाटातून हलली नाही," ती म्हणाली. "कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते. आंघोळीलासुद्धा काढत नाही. त्यामुळे, बाई, माझ्याच तोंडाने माझ्यावरच आळ येतो, हे मला कळतंय."

"समितीत तुमचं कुणाशी वाकडं?"

"सरांशी. ते प्राध्यापक आहेत आणि समितीचे अध्यक्ष. वर्षभर नियम लिहिताहेत. हुकूम कुणी सोडावा, कसा सोडावा, सर्व्हरने तो कधी पाळावा, कधी नाकारावा. माणूस हुशार आहे. पण त्यांना उतरंड आटोपशीर हवी. लहान गट मोठ्यात मिसळा म्हणतात. श्वास.घरी मिसळायचा हेही त्यांचंच म्हणणं."

"तुमचं काय म्हणणं होतं?"

"वीस घरांचा गट असला तरी वीस घरांना तो हवा असतो." तिने पुस्तक सरळ केलं. "आणखी एक सांगते, कुणी विचारलंच नाही म्हणून. त्या सकाळी एकटा तोच गट गेला नाही. वाचन.घरपोचही गेला. अंथरुणाला खिळलेल्या वाचकांसाठीचा. तो मीच सुरू केला होता. त्याच्याबद्दल कुणाला पडलेलीच नाही, कारण तिथे कुणी मेलं नाही."

टोचणी थबकली. माणूस मारण्यासाठी एक गट पुसला, हे समजण्यासारखं होतं. मग दुसरा कशाला?

प्राध्यापकांच्या खोलीत फळा काठोकाठ भरलेला होता आणि माणूस त्याहून. चौकशीला आलेल्या बाईला त्यांनी नियमांचा इतिहास सुरुवातीपासून सांगायला घेतला. टोचणीने मध्येच विचारलं, "श्वास.घरी तुम्हाला नको होता?"

"नको होता असं नाही. त्याची जागा चुकीची होती. या दोहोंत फरक आहे."

"तो गेल्याचं कळलं तेव्हा काय वाटलं?"

प्राध्यापक एवढा वेळ भडाभडा बोलत होते. आता त्यांनी डस्टर उचललं, फळ्याच्या एका कोपऱ्यात अर्धवट पुसलेली एक आकृती होती, ती पूर्ण पुसून टाकली आणि म्हणाले, "मला तासाला जायचंय."

त्या दिवशी सुट्टी होती.

४

टोचणी पुन्हा तळघरात आली तेव्हा सर्व्हरवाल्याने तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती.

"तुमच्या फोननंतर नीट बघितलं," तो म्हणाला. "दोन गट गेले हे खरं. पण गंमत ऐका. एक आलासुद्धा. आरोग्य.कावीळ.साथ. ती साथ संपली, गट बंद केला, लोक विसरले. आता पुन्हा उतरंडीत येऊन बसलाय. भूतच म्हणा ना."

"पुसायच्या हुकमाने नवा गट कसा येईल?"

"तो पुसायचा हुकूम नव्हताच. हुकूम तीन तऱ्हांचे. एक, अमका गट नवा मांडा. दुसरा, तमका गट पुसा. तिसरा म्हणजे हजेरीचा. आपल्या उतरंडीत हे एवढेच गट आहेत, असं सगळ्यांची नावं घेऊन सांगायचं. ज्याचं नाव नाही तो सर्व्हर पुसतो, ज्याचं आहे पण जागेवर नाही तो नवा मांडतो. हा हजेरीचा होता."

टोचणी खुर्चीत मागे टेकली. तिला इस्पितळातला फळा आठवत होता, वॉर्डाच्या दाराशी असतो तो, कुणाची ड्यूटी कुठे ते लिहिलेला.

"सगळ्या उतरंडीत वयाने धाकटे गट कुठले?" तिने विचारलं.

"धाकटे? शेवटचा सुरू झालेला..." त्याने पडद्यावर बोट फिरवलं. "श्वास.घरी. त्याच्या आधीचा वाचन.घरपोच." बोट तिथेच थांबलं.

"आमच्या वॉर्डात कुणी मागच्या वर्षीचा ड्यूटीचा फळा आणून टांगला, तर काय होईल सांगू? नव्या आलेल्या पोरींना कामच नसेल, आणि निवृत्त झालेल्या सिस्टरला बोलावणं जाईल. फळ्यावर मेट्रनची सही असेल, आणि तीही खरी."

सर्व्हरवाला उठून जुन्या टेपांच्या फडताळाकडे गेला. बराच वेळ एकामागून एक टेप लावत राहिला. शेवटी त्याने दोन मजकूर पडद्यावर शेजारी शेजारी आणले. एक त्या सकाळचा. दुसरा जुना, श्वास.घरी जन्मायच्या आधीचा, काविळीची साथ चालू असतानाचा, ग्रंथपाल बाईने रीतसर सोडलेला. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. शिक्काही तोच.

"तारीख?" टोचणीने विचारलं.

"तारीख पाकिटावर असते. शिक्का फक्त आतल्या मजकुराचा. कुणीतरी जुना मजकूर उचलला आणि नव्या पाकिटात घालून सोडला. शिक्का खरा, हुकूम शिळा." तो खुर्चीत बसला. "म्हणजे किल्ली लागलीच नाही. बाईंचा काही संबंधच नाही. जुने हुकूम तर कुणाकडेही असतात, ते उघडच फिरतात."

"पण असं करता येतं, हे कुणाला माहीत होतं?"

सर्व्हरवाल्याचा चेहरा उतरला. "समितीतल्या आम्हा चौघांनाच, सर, ग्रंथपाल बाई, दादा आणि मी. सरांनी गेल्या बैठकीत फळ्यावर काढून दाखवलं होतं."

५

"मी पहिल्याच दिवशी ओळखलं," प्राध्यापक म्हणाले.

या वेळी ते उभे नव्हते. खिडकीकडे पाठ करून बसले होते.

"आणि ग्रंथपाल बाईंना घरी बसू दिलंत?"

"तुम्हाला वाटतं मी ते केलं. कुणालाही तेच वाटलं असतं. ही फट मीच शोधली, मीच दाखवली. म्हटलं होतं, हुकमाच्या पोटात, शिक्क्याच्या आत, चढता क्रमांक घालू या. सर्व्हरने शेवटी पाळलेल्या हुकमापेक्षा क्रमांक लहान असेल, तर नवा हुकूम फेकून द्यायचा. एका ओळीचा नियम. दोघे बाजूने, दोघे विरुद्ध. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला."

"विरुद्ध कोण?"

"ग्रंथपाल बाईंना वाटलं, मी त्यांच्या शिक्क्यावर संशय घेतोय. आणि दादा म्हणाला, लहान सर्व्हरना झेपणार नाही, घाई नको." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "माणूस गेल्याचं कळल्यावर मला बोलायचं होतं. पण बोललो असतो तर पहिला प्रश्न मलाच आला असता. मी भ्यालो."

टोचणी पायीच निघाली. चार माणसं, आणि त्या चौघांना ती एकेक करून डोक्यात उभं करत होती.

ग्रंथपाल बाईकडे शिक्क्याची किल्ली होती. तिला गट पुसायचाच असता तर तिने नवा हुकूम सोडला असता. शिळा हुकूम उकरून स्वतःच्याच वाचकांचा गट कशाला बुडवला असता? सर्व्हरवाल्याला तर हुकमाचीच गरज नव्हती. गावातली सगळी मशीनवाली घरं त्याच्याच सर्व्हरवर वाचत. त्याने बटण दाबून गट पुसला असता आणि यंत्र बिघडलं म्हणून सांगितलं असतं. राहिले प्राध्यापक. फट खरी आहे हे जगाला दाखवायला त्यांनी हे केलं असतं, तर त्याच तासाला छातीठोकपणे सांगितलं असतं. न सांगता त्यांच्या पदरात काय पडणार होतं? ते तर बिळात लपल्यासारखे बसले होते.

उरला दादा. पण दादाने घरोघरी माणसं जगवली होती. आणि उरला म्हणजे केलं असं होत नाही, हे टोचणीला पक्कं माहीत होतं.

ती पुन्हा वहिनीकडे गेली. वहिनी नवऱ्याचे सदरे घड्या घालून पेटीत ठेवत होती.

"गट नाहीसा झाला त्या दिवशी दादा भेटला होता तुम्हाला?"

"भेटला नाही. सकाळी फोन आला होता त्याचा. मशीन बघायला येतो म्हणाला. मी म्हटलं, अरे, आत्ताच तर बघून गेलास. तर म्हणाला, सहज. फार जीव लावतो तो. सगळी चौकशी केली. जेवतात का, झोपतात का. हल्ली तुमच्याकडे लाईट जाते का, इथपर्यंत."

टोचणीने उचललेला सदरा हातातच धरला.

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नाही रे, आमच्याकडे कुठली जातेय. तर म्हणाला, बरं मग, परवा येतो." वहिनीने पेटीचं झाकण लावलं. "आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी गेली मेली."

६

दादाचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. दारातच स्क्रूड्रायव्हर, नळ्या आणि उघडलेली मशीनं. दादा स्टुलावर बसून एक झडप जुळवत होता. मागच्या भिंतीला करड्या रबराचा एक मोठा तक्ता उभा होता. त्यात गोल भोकंच भोकं पडलेली होती, सगळी एकाच मापाची.

टोचणीने तक्त्याकडे पाहिलं. दादाने टोचणीकडे पाहिलं. त्याने झडप खाली ठेवली.

"साठा केव्हाच संपला होता," तो आपणहून म्हणाला. "इस्पितळाने हात वर केले. मशीनं भंगारात काढा म्हणाले. बाई, भंगारात काढायची म्हणजे माणसंच की. म्हणून मी स्वतः वॉशर कापले. एवढी वर्षं चालले."

"सिस्टरनी लिहिलं तेव्हा कळलं?"

"वाचल्याबरोबर. पुढे कुणीतरी विचारणारच होतं, हे करडे वॉशर बसवले कुणी. लोक मला..." त्याने झडप पुन्हा हातात घेतली. "म्हातारी माणसं पाया पडतात हो माझ्या. मला वाटलं, चार दिवस मिळाले तर सगळे बदलून टाकीन. कुणाला कळायचंही नाही आणि कुणाला काही व्हायचंही नाही. शिळा हुकूम समितीची चूक म्हणून खपला असता. गट नंतर परत आला असताच."

"वहिनींना लाईट जाते का असं विचारलंत."

"सगळ्यांनाच विचारलं. ज्यांच्याकडे जाते, त्यांच्याकडे आधी गेलो."

"फोन हातात होता, दादा. बॅटरीवर चालवू नका, एवढं एकच वाक्य होतं."

"ते म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं."

तो हे अगदी साधेपणाने बोलला. टोचणीने विचारलं, "खरं सांगा, अजून किती घरं राहिली?"

"तीन. ते गेल्यापासून माझा हातच चालेना."

तिने टेबलावरचा फोन त्याच्यापुढे ढकलला. "बाकीचं नंतर. आधी फोन."

पहिल्या घरी सुनेने उचलला. दादाने सांगितलं, नीट, न अडखळता. का म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाला, वॉशर मी बसवलाय, तो खराब आहे. दुसऱ्या घरीही तसंच. तिसऱ्या घरची घंटा वाजत राहिली. त्याने परत लावला. परत वाजत राहिली.

"आजी एकट्याच असतात नवऱ्याजवळ," दादा उठत म्हणाला. "ऐकू कमी येतं त्यांना."

त्याच्या जुन्या गाडीतून दोघं निघाली. त्या वस्तीत शिरल्यावर टोचणीला पिठाच्या गिरणीसमोर माणसं नुसतीच उभी दिसली. गिरणी बंद होती. पानवाल्याने मेणबत्ती लावली होती. दादानेही ते पाहिलं. गाडी तशीच सोडून तो जिने चढत धावला.

दार उघडंच होतं. मशीनवर हिरवा दिवा, भाता वरखाली, आणि पलंगावरच्या म्हाताऱ्याचे ओठ निळसर. दादाने खुंटीवरची रबरी पिशवी ओढली, मुखवटा लावला आणि दाबायला लागला. टोचणीने तोंडाने मोजून ताल धरला, हात नाडीवर. नाडी आधी हाताला लागेना, मग लागली, मग सुटली, मग पुन्हा लागली. ओठांचा रंग हळूहळू बदलला. टोचणीने पिशवी आपल्या हातात घेतली, तेव्हा दादाने झडप उघडली, करडा वॉशर नखाने उपटून काढला आणि खिशातला नव्या रबराचा काळा बसवला.

आजी पाठीमागच्या सज्जात कपडे काढत होत्या. आत आल्या, नवऱ्याकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं, आणि काय झालं ते त्यांना बघूनच कळलं. त्यांनी दादाचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

"धावून आलास रे," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखा तूच."

दादाने हात सोडवून घेतले आणि तो जिन्यात जाऊन बसला. टोचणी बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "चला बाई. कुठे लिहून द्यायचंय तिथे नेऊन सोडा मला."

७

दादाने सगळं लिहून दिलं, काही लपवलं नाही. पुढे पोलीस, मग न्यायालय. प्राध्यापकांनी अध्यक्षपद सोडलं, पण त्याआधी बैठक बोलावली आणि चढत्या क्रमांकाचा नियम एकमताने झाला. तिघेच उरले होते. ग्रंथपाल बाईने हात वर केला तेव्हा ती प्राध्यापकांकडे बघत नव्हती. नंतर तिने गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं आणि पहिला क्रमांक घातलेला हजेरीचा हुकूम सोडला. काविळीचा गट गेला. दोन धाकटे गट परत आले, पण रिकामे. आधीचं सगळं लिखाण पुसलं गेलं होतं, आणि टेपांवर फक्त हुकूम जपले जात.

वहिनीला सांगायचं काम टोचणीने दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मग म्हणाली, "मी लाईट जाते म्हटलं असतं, तर तो त्याच दिवशी आला असता?"

खोटं बोलावं की काय, हा विचार टोचणीच्या मनात येऊन गेला. "आला असता," ती म्हणाली. "पण त्याने तुम्हाला सरळ सांगायला हवं होतं. चूक त्याची आहे, तुमची नाही."

"ते कळतंय मला," वहिनी म्हणाली. "कळून काय होतंय."

ती उठली आणि संगणकासमोर जाऊन बसली. नवरा सांगायचा आणि ती टंकायची, अशी दोघांची रीत होती. नवऱ्याला शुद्धलेखनाची चूक खपत नसे, शब्द शब्द तपासून घ्यायचा. आज कुणी तपासणारं नव्हतं. तिने परिचारिकेचा इशारा आपल्या शब्दांत लिहिला. करडा वॉशर कसा ओळखायचा, पिशवी कुठे टांगून ठेवायची, माणसाजवळून का हलायचं नाही. पाठवून दिला. रिकाम्या गटात तेवढाच एक मजकूर दिसत होता.

टोचणीने चपला घातल्या, पण ती निघाली नाही. थोड्या वेळाने पडद्यावर उत्तर आलं, लांबच्या कुठल्यातरी गावातून. आमच्या मशीनवाल्यानेही करडाच बसवला होता, आत्ताच काढला, उपकार झाले तुमचे. आणि खाली, त्या गटात सगळेच एकमेकांना विचारायचे तसं विचारलं होतं, तुमच्याकडचं पेशंट कसं आहे आता?

वहिनीची बोटं कळांवर थांबून राहिली. मग तिने "ते गेले" एवढंच लिहिलं, एकदा वाचून पाहिलं, आणि पाठवलं.